पोपटांची पिसे का गळतात?

बुऱ्हाणपुरात शाही किल्ल्याच्या पडक्या तटाखाली, तापीच्या वाळवंटात, सूर्यास्ताच्या सुमारास अर्धा घटका उभे राहिले म्हणजे पोपटांचे थवे डोक्यावरून जाताना दिसतात. दिवसभर शिवारात चरून रात्रीच्या वस्तीला परतणारे हे पक्षी येताना इतका कलकलाट करतात की, शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. हा आपला नेहमीचा राघू. नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो, मादीच्या गळ्याभोवती तो नसतो. आणि नराचाही कंठ जन्मतः नसून साधारण तिसऱ्या वर्षी उमटतो. ही एवढी बारीकशी गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

राघू आपल्या इतक्या परिचयाचा आहे की, त्याच्याविषयी नवीन काही सांगण्यासारखे असेल असे सहसा कोणास वाटत नाही. शेतकऱ्यास विचारावे, तर ज्वारीची कणसे कुरतडणारा, निम्मा पेरू खाऊन निम्मा खाली टाकणारा हा उपद्व्यापी पक्षी आहे, असे तो सांगेल. आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु पोपटांच्या कुळात एक रोग आहे, आणि त्या रोगाच्या अभ्यासातून एक असा प्रश्न पुढे आला आहे की, तो ज्वारीच्या शेतकऱ्यालाही आपला वाटावा. एकाच ढोलीत वाढलेल्या दोन पिलांपैकी एक आजारी पडते आणि दुसरे धडधाकट राहते, हे कशामुळे? विषाणू तर दोघांनाही तोच मिळालेला असतो.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. त्याला चोचीचा व पिसांचा रोग म्हणतात. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड शहराजवळच्या टेकड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिसे झडलेले, उडता न येणारे, जमिनीवर खुरडत चालणारे रानपोपट लोकांच्या दृष्टीस पडले होते. ते याच रोगाचे बळी असावेत असा तर्क आहे. रोगाचे शास्त्रीय वर्णन मात्र १९७० नंतरच्या दशकात, तेथील काकाकुव्यांवरून झाले. नवीन पिसे वाकडी, आखूड, मुळाशी चिमटा घेतल्यासारखी येतात आणि गळून पडतात. पुढे चोच भरमसाट वाढते, तडकते, कुजते. पक्षी पुष्कळदा या रोगाने थेट मरत नाही. त्याची रोगप्रतिकारशक्ती खचलेली असते, आणि एरवी निरुपद्रवी ठरला असता असा कोणता तरी दुसराच जंतू त्याचा प्राण घेतो. निश्चित गुण येईल असे औषध या रोगावर नाही. माणसाला हा रोग होत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. पोपटांपासून माणसाला होणारा ज्वर निराळा, आणि तो विषाणूमुळे नव्हे, जिवाणूमुळे होतो.

या रोगाचा विषाणू आजवर ज्ञात असलेल्या अत्यंत लहान विषाणूंपैकी एक आहे. एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर असे सुमारे ५० हजार विषाणू ओळीने बसतील. माणसाचा आनुवंशिक मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, तर या विषाणूचा जेमतेम २ हजार अक्षरांचा. आणि त्यात मुख्य जनुके दोनच. एक त्याचे बाहेरचे कवच घडविणारे, दुसरे त्याची नक्कल सुरू करून देणारे. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर मोठ्या पक्ष्याचा पराभव कसा होतो? येथे बुऱ्हाणपूरकरांना आपल्या शेजारच्या असीरगडाची आठवण व्हावी. दक्षिणेचा दरवाजा म्हणून ओळखला जाणारा तो किल्ला १६०१ साली अकबराच्या हाती पडला, तो तोफांनी नव्हे, सोन्याच्या किल्ल्यांनी, असे म्हणतात. आतलेच हात कामी आले. विषाणूचेही तसेच आहे. नक्कल करण्याची हत्यारे त्याच्यापाशी नाहीत. ती पक्ष्याच्या पेशीत आहेत, आणि पेशी स्वतः दुभंगण्याच्या तयारीत असते तेव्हाच ती बाहेर काढली जातात. म्हणून जेथे पेशींची वाढ जोरात चालली असेल, तेथेच या पाहुण्याचे फावते.

पोपटाच्या अंगात अशी जागा कोणती? पिसांची मुळे ही एक, चोचीचा वाढता थर ही दुसरी. रोग नेमका पिसांना आणि चोचीला का धरतो, याचे हे उत्तर आहे. तिसरी जागा बाहेरून दिसत नाही. पक्ष्यांच्या गुदद्वाराच्या वरच्या अंगाला एक लहानशी पिशवी असते. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने तिचे वर्णन केले म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तीन शतके तिचा उपयोग काय, हे कोणास ठाऊक नव्हते. १९५६ साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ही पिशवी पिलूपणीच काढून टाकलेल्या कोंबड्यांच्या रक्तात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. त्यांचा निबंध एका नामांकित विज्ञानपत्राने परत पाठविला होता. अखेर तो कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापून आला. कोंबड्यांच्या कागदपत्रांत पडलेल्या त्या निबंधावर पुढे माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचाही मोठा भाग उभा राहिला. असो.

ही पिशवी पिलाच्या वयात वाढत्या पेशींनी गजबजलेली असते, आणि पक्षी वयात आला म्हणजे ती आपोआप झडून जाते. आता वयाचा संबंध उघड झाला. पिलाची पिसे उगवत असतात, चोच वाढत असते आणि प्रतिकारशक्तीची शाळाही त्याच वेळी भरलेली असते. विषाणू त्या शाळेतच शिरतो. प्रौढ पक्ष्याचे शिक्षण पुरे झालेले असते, म्हणून तो पुष्कळदा रोग अंगावर काढतो, किंवा वरून निरोगी दिसत असताही विषाणू बाळगून हिंडतो. तेव्हा थव्यात कंठ उमटलेले नर किती आणि बिनकंठाची पोरेसोरे किती, हा केवळ हौशी निरीक्षकाचा प्रश्न राहत नाही. अर्थात बिनकंठाचा प्रत्येक पक्षी पोर नसतो, त्यात माद्याही असतात. पण कंठ दिसला म्हणजे त्या नराने आयुष्यातला पहिला, सर्वांत धोक्याचा टप्पा ओलांडला आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

वयाने बरेच उलगडते, परंतु सगळे नाही. एकाच ढोलीतली दोन पिले एकाच वयाची असतात. तेथे दुसरे काही तरी असले पाहिजे. हे दुसरे काय, ते समजून घेण्यासाठी मी आपल्याला क्षणभर पोपटापासून केळीच्या बागेत नेतो. बुऱ्हाणपुरात ती फार लांब नाही.

केळीला बी नाही. पूर्वी मुनवे काढून लावीत, आता प्रयोगशाळेत वाढविलेली ऊतिसंवर्धित रोपे आणतात. दोन्ही रीतींत होते ते एकच. एका झाडाचेच अंग पुनःपुन्हा वाढविले जाते. तापीच्या खोऱ्यात बुऱ्हाणपुरापासून रावेर-यावलापर्यंत आज मुख्यतः ग्रँड नैन ही एकच जात उभी आहे, आणि तिची लक्षावधी झाडे आनुवंशिक दृष्टीने जवळजवळ एकच झाड आहेत. त्यामुळे घड एकाच वेळी येतात, आकार सारखा, बाजारभाव सारखा. यात शेतकऱ्याचे हित आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गेल्या काही वर्षांत पावसाळी, ढगाळ हवेत या पट्ट्यातील बागांवर काकडीच्या मोझॅक विषाणूचा रोग आला. लोक त्याला हरण्या म्हणतात. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पाने फाटतात, पोंगा सडतो. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि विषाणू सोबत नेतो. रोगट झाडे उपटून पुरण्यावाचून शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग नसतो. ज्यांनी लागवडीला दोन महिने झाले नाहीत तोच निम्मी बाग उपटली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. एक झाड ज्या कारणाने विषाणूला बळी पडले, ते कारण शेजारच्या झाडातही तंतोतंत असते, आणि त्याच्या शेजारच्यातही. विषाणूने एक कुलूप उघडले की, सारी आळी उघडली.

रानातील पोपटांची गोष्ट याच्या उलट. तेथे प्रत्येक पिलाला निम्मा वारसा आईकडून आणि निम्मा बापाकडून मिळतो. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती त्याच्यापाशी असतात. त्या दोन्ही प्रती अगदी सारख्या असतील, किंवा थोड्या निराळ्या असतील. निराळ्या असल्या म्हणजे त्या प्राण्याला विषमयुग्मी म्हणतात. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. शरीरात शिरलेले परके द्रव्य ओळखण्याचे काम काही जनुके करतात. त्यांच्या दोन प्रती निराळ्या असल्या, तर दाराशी दोन निरनिराळे पहारेकरी उभे असतात. एकाच्या नजरेतून चोर सुटला, तरी दुसऱ्याच्या नजरेत तो येण्याचा संभव असतो. जवळच्या नात्यात जोड्या जुळत गेल्या म्हणजे दोन्ही प्रती सारख्या होत जातात. पहारेकरी दोन, पण डोळे एकाचेच.

हा झाला एक विचार. दुसरा विचार जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ साली मांडला. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरलाच त्यांनी देह ठेवला. त्यांचे म्हणणे असे की, रोगजंतू हे बहुसंख्यांशी जुळवून घेत असतात. जंतूला जी शरीरे वारंवार भेटतात, त्यांच्यातच त्याची हातोटी मुरते. तेव्हा ज्या प्राण्याचा आनुवंशिक घाट भोवतालच्यांहून विरळा आहे, तो जंतूला अनोळखी असतो, आणि त्याला त्या अनोळखीपणाचा फायदा मिळतो. पुढे तोच घाट पसरून नेहमीचा झाला, की फायदा संपला. विचार देखणा होता; रानातल्या, नर-मादीच्या संयोगाने वाढणाऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांत तो पडताळून पाहणे मात्र फार कठीण होते.

ते काम पोपटांत झाले. आग्नेय ऑस्ट्रेलियात रोझेला नावाचा एक पोपट आहे. समुद्राकडच्या दमट रानात तो किरमिजी, आतल्या नद्यांच्या काठी पिवळा, आणि अ‍ॅडलेडकडे या दोहोंच्या मधल्या नारिंगी रंगाचा आढळतो. तिन्ही एकाच जातीची रूपे आहेत, आणि जेथे त्यांची सरहद्द लागते तेथे त्यांचे संकर होतात. व्हिक्टोरिया राज्यातील डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे पक्षी पकडून त्यांच्या रक्ताचे थेंब घेतले, विषाणू आहे की नाही आणि असल्यास किती आहे ते मोजले, आणि पक्षी पुन्हा सोडून दिले. २०१४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत संकरित व मधल्या रूपाच्या पक्ष्यांत लागण कमी आढळली. २०१७ साली त्यांनी याहून सूक्ष्म प्रश्न विचारला. ज्या पक्ष्यात विषमयुग्मता अधिक, त्याला लागण होण्याचा संभव कमी, असे त्यांना दिसले. परंतु एकदा लागण झाल्यावर विषाणूचे प्रमाण किती वाढेल, याच्याशी विषमयुग्मतेचा संबंध दिसला नाही. उलट, ज्या पक्ष्याचा आनुवंशिक घाट विरळा, त्याला लागण इतरांइतकीच होत होती. परंतु लागण झाल्यावर त्याच्या रक्तात विषाणू कमी वाढत होता. पहिला गुण दरवाजावर काम करतो, दुसरा घराच्या आत. हॉल्डेन यांचा तर्क या दुसऱ्या शोधात बराचसा उतरला, असे मला वाटते.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, कारण असे निष्कर्ष तोंडातोंडी जाताना फुगतात. हा परिणाम एकेका पक्ष्याच्या बाबतीत दिसला. एकेका वस्तीची सरासरी घेऊन वस्त्यांची तुलना केली, तेव्हा तो दिसला नाही. पक्ष्याचे वय आणि तो कोणत्या उपजातीचा, यांचा प्रभावही मोठाच होता. आनुवंशिक विविधता हे चिलखत नव्हे. ती फार तर संभवाचे पारडे थोडे झुकविते; आणि साथीत पुष्कळदा तेवढ्यावरच निकाल लागतो.

विविधता उरलीच नाही तर काय होते, याचे उदाहरण मॉरिशस बेटावर मिळते. हे बेट मराठी माणसाला अगदीच परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून पुष्कळ कुटुंबे तेथे उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली; त्यांची मुलेनातवंडे तेथेच नांदत आहेत आणि गणपतीच्या दिवसांत तेथेही मिरवणुका निघतात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात आपला कंठवाला राघूही पिंजऱ्यातून तेथे पोचला, सुटला आणि रानात रुळला. बेटाचा स्वतःचा एक हिरवा पोपट होता, राघूचाच चुलतभाऊ म्हणावा असा. जंगले तुटली, ढोल्या असलेले जुने वृक्ष गेले, आणि १९८० नंतरच्या दशकात त्या पोपटाचे डझनभरच पक्षी उरले होते. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरटी राखून, पिले हाताने वाढवून, लाकडी पेट्यांची घरटी टांगून तो वाचविला. दोन दशकांत संख्या तीनशेवर गेली. आणि तेव्हाच, २००५ च्या सुमारास, त्या पक्ष्यांत पिसे गळण्याची साथ उठली.

विचार करा: हे सगळे पक्षी मूठभर पूर्वजांची संतती. केळीच्या बागेइतके ते एकसारखे नव्हते, पण रानातील पोपट जितके निरनिराळे असावेत तितकेही नव्हते. विषाणूच्या अक्षरांचा माग काढणाऱ्यांना असे आढळले की, साथीच्या काळात विषाणूच्या नक्कल करणाऱ्या जनुकात बदल झाला, आणि ते नवे रूप पाहता पाहता सर्वत्र पसरून जुन्याची जागा घेऊन बसले. बेटावरच्या राघूंतही हाच विषाणू सापडला. पाहुण्या राघूने तो आणला काय, असा संशय घेतला जातो आणि तो अवास्तव नाही. पण या हकीगतीचा शेवट अपेक्षेप्रमाणे झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. ती जात नष्ट झाली नाही. पिले दगावली, काही पक्षी पिसांवाचून हिंडले, तरी राखण चालू राहिली आणि आज त्यांची संख्या सातशेच्या आसपास आहे. २०१९ साली त्यांच्या धोक्याची पायरी एकाने खाली आणण्यात आली. एकसारख्या रक्ताच्या पक्ष्यांनाही माणसाने इतकी राखण केली तर तगता येते. फक्त ती राखण पुढे थांबविता येत नाही.

आता पुन्हा तापीकाठी येऊ. आपला राघू संख्येने विपुल आहे, दूरदूरच्या वस्त्यांत त्याची सोयरीक होते, म्हणून त्याच्याविषयी मॉरिशससारखी चिंता करण्याचे कारण नाही. चिंता दोन बाजूंनी आहे. पहिली पहाडी पोपटाची. राघूहून मोठा, खांद्यावर तांबडा डाग असलेला हा पक्षी चांगला बोलतो, म्हणून त्याची पिले ढोलीतून काढून विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पकडणे व विकणे गुन्हा आहे, तरी हा व्यापार बंद झालेला नाही. दरवर्षी त्याच त्या ढोल्यांतून पिले उचलली, की पुढच्या पिढीला जन्म देणाऱ्या जोड्या थोड्या राहतात, आणि संख्या घटण्याच्या जोडीला, डोळ्यांना न दिसता, पहारेकऱ्यांचे प्रकारही घटत जातात.

दुसरी चिंता पिंजऱ्याची. बाजारात लव्हबर्ड म्हणून विकले जाणारे रंगीत लहान पोपट बहुधा ऑस्ट्रेलियातील बजरिगार असतात. पिंजऱ्यात पैदास झालेले, आणि याच विषाणूचे वाहक होऊ शकणारे. व्यापाऱ्याच्या एका खोलीत निरनिराळ्या मुलुखांचे पोपट एकत्र येतात, तसे ते रानात कधीही येत नाहीत. पिसांच्या कोंड्यातून आणि विष्ठेतून विषाणू पसरतो, आणि रिकाम्या ढोलीच्या धुळीत महिनेच्या महिने टिकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बांगलादेश आणि पाकिस्तान येथील पोपटांत तो आढळला; इंग्लंडात पिंजऱ्यांतून सुटून वाढलेल्या राघूंतही तो याआधी सापडला होता. म्हणून पुण्य लागेल या भावनेने बाजारातून पोपट विकत घेऊन तापीकाठी उडवून देणाऱ्या सज्जनांना माझी विनंती आहे की, त्यांनी तसे करू नये. आधी पशुवैद्याला किंवा वनखात्याला दाखवावे.

राघूची वीण साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत असते. पुढे पावसाळ्याच्या सुमारास मोठे पक्षी पिसे टाकतात. ती नेहमीची पिसेगळ आहे: दोन्ही पंखांत सारखी, आणि गळल्या जागी लगेच नवे, नीट पीस दिसणारी. रोगाचे पीस तसे नसते. ते आखूड राहते, वाकते, त्याच्या देठात वाळलेले रक्त दिसते, आणि दुसऱ्या महिन्यातही जागा उघडीच राहते. असा पक्षी किल्ल्याच्या भिंतीवर किंवा केळीच्या बांधावर आढळल्यास त्याला हात न लावता तारीख, जागा, कंठ होता की नव्हता आणि सोबत किती पक्षी होते, एवढे एका कागदावर लिहून वनखात्याच्या कचेरीत पोचते करावे.